रेडिएटरची चकती आणि आजी-आजोबांचा परदेश मुक्काम
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



बऱ्हाणपूरच्या व्याख्यानाला घर गरम ठेवण्याचा विषय, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. मे महिन्यात कूलरपुढून न हलणारी माणसं आपण! पण आता आपली मुलं-मुली पुणे-इंदूरच्या पुढे जाऊन जर्मनीत, इंग्लंडमध्ये संसार करू लागली आहेत. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण करायला आई-वडील तिकडे जातात. ते नेमकं थंडीत आलं, की रेडिएटरच्या चकतीवरून घरात कुरबुर सुरू होते. म्हणून आज हा विषय घेतला.

तिकडे घरात एक बॉयलर असतो, किंवा सगळ्या इमारतीला मिळून एकच असतो. त्यातलं गरम पाणी नळांवाटे खोल्यांमधून फिरतं. खिडकीखाली लोखंडी फण्यासारखं जे उभं असतं, तो रेडिएटर. त्याच्या एका टोकाला आकडे लिहिलेली गोल चकती असते. हा तापमान पाहून चालणारा व्हॉल्व्ह. डेन्मार्कच्या मॅड्स क्लॉसन यांनी 1943 मध्ये असा व्हॉल्व्ह तयार केला.

त्याला वीज लागत नाही. चकतीच्या आत मेण, द्रव किंवा वायू भरलेली छोटी डबी असते. खोली तापली की आतला पदार्थ फुगतो, एक खिळी दाबली जाते आणि गरम पाण्याची वाट बंद होत जाते. खोली गार झाली की तो आकसतो आणि वाट उघडते. आपल्या शाही किल्ल्यातला हमाम सर्वांनी पाहिला आहे. त्या काळी हमामात ऊब राखायची तर भट्टीपाशी लाकडं घालणारा माणूस बसवावा लागे. त्या माणसाचं काम इथे ही डबी करते. गंमत म्हणजे, मुमताजमहल 1631 मध्ये आपल्या शहरात वारली, त्याच सुमारास कॉर्नेलियस ड्रेबेल नावाचा डच कारागीर लंडनमध्ये आपली आच आपणच सांभाळणारी भट्टी करून दाखवत होता.

आता मुख्य मुद्दा. चकतीवरचा आकडा म्हणजे गॅसची लहान-मोठी आच नव्हे. खोली किती गरम झाली की थांबायचं, एवढंच तो आकडा सांगतो. साधारणपणे 2 म्हणजे 16 अंश, 3 म्हणजे 20, 4 म्हणजे 24 आणि 5 म्हणजे 28. बर्फाची खूण म्हणजे सुमारे 6 अंश, म्हणजे पाणी गोठू नये इतपतच. कंपनीप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो. बाहेरून कुडकुडत आल्यावर चकती 5 वर नेली, तरी खोली 3 पेक्षा लवकर 20 अंशांवर पोचत नाही. फक्त 20 वर थांबायच्या ऐवजी ती 28 पर्यंत तापत राहते. आपल्याकडे एसी 16 वर ठेवणाऱ्यांचंही असंच होतं. म्हणून तर 2020 पासून आपल्या देशात नवे एसी मुळातच 24 अंशांवर लावून देण्याचा नियम झाला.

हे आजी-आजोबांनी समजून घेणं फार गरजेचं आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते, बाळाला घट्ट गुंडाळतात. तीच माया तिकडे चकती 5 वर नेते. पण इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी 16 ते 20 अंश सांगितले जातात, कारण झोपेत बाळ फार तापणं धोक्याचं असतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये. छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपून पाहावी. ती घामेजली असेल तर एक पांघरूण काढावं.

आणखी चार गोष्टी सांगतो.

पहिली, चकतीवर पडदा येऊ देऊ नये आणि रेडिएटरवर लंगोट, दुपटी वाळत घालू नयेत. तिथली ऊब कोंडते, डबीला वाटतं खोली तापली, आणि खोली गारच राहते.

दुसरी, खिडकी उघडण्याआधी चकती बंद करावी. नाहीतर बाहेरची गार हवा लागून व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि ऊब खिडकीबाहेर जाते. खिडकी दिवसभर फटीएवढी ठेवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं सताड उघडावी.

तिसरी, रिकामी खोली अगदी थंड पाडू नये. कुकरची वाफ आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा तिथल्या गार भिंतीवर जमतो आणि बुरशी धरते. चकती 2 च्या आसपास ठेवून दार लावून घ्यावं.

चौथी, ज्या खोलीत भिंतीवर बॉयलरचा थर्मोस्टॅट असेल, तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर दोघांची ओढाताण होते.

शेवटी पैशाचं. जर्मनीत सामाईक बॉयलरच्या इमारतीत साधारणपणे निम्मा ते सत्तर टक्के खर्च ज्याच्या-त्याच्या वापराप्रमाणे आकारतात आणि हिशेब वर्षातून एकदा होतो. आपण तीन महिने राहून बऱ्हाणपूरला परततो, नातवाचे फोटो सगळ्यांना दाखवतो, आणि बिल मुलांच्या हाती नंतर पडतं. मुलं आपल्याला काही बोलत नाहीत. आपणच चकती 3 वर ठेवावी, अंगात स्वेटर घालावा आणि पायात मोजे. उरलेली ऊब आजीच्या मांडीवर मिळतेच.

 गणपती बाप्पा मोरया!