आणखी एक फटफटी

श्रोतेहो, माणसाला कसला ना कसला नाद असतोच. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. माझे एक स्नेही अडकित्ते जमवतात आणि आल्यागेल्याला सुपारी न देता नुसते अडकित्तेच दाखवतात. हे सगळे नाद सोयीचे. तिकिटे वहीत मावतात, अडकित्ते फडताळात मावतात, आणि त्यांना पेट्रोल लागत नाही. माझा नाद तसा नाही. मी मोटरसायकली बाळगतो. आमच्या साताऱ्याकडे तिला अजून फटफटी म्हणणारी जुनी माणसे आहेत, आणि खरे सांगायचे तर मलाही तोच शब्द गोड वाटतो. यंत्राचे नाव त्याच्या आवाजावरून ठेवावे, यात केवढा शहाणपणा आहे!

संग्रह म्हटले म्हणून पन्नास गाड्यांची रांग डोळ्यांपुढे आणू नका. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, संस्थानिक नव्हे. माझ्या गाड्या तीन. पहिली, वडिलांची १९८१ सालची येझ्दी. दुसरी, मी नोकरीला लागल्यावर जुनी घेतलेली बुलेट. आणि तिसरी रोज कॉलेजात नेणारी स्प्लेंडर, जिला संग्रहात धरावे की नाही याबद्दल आमच्या घरात मतभेद आहे. आमच्या मंडळींचे म्हणणे असे की संग्रहातली खरी गाडी तेवढीच, कारण ती हाक मारल्याबरोबर चालू होते.

या तिघींत एक चौथी यावी असे माझ्या मनाने घेतले. लांबच्या प्रवासासाठी म्हणून अलीकडे ज्या गाड्या निघाल्या आहेत, त्यांतली एक मी एका मित्राकडे चालवून पाहिली होती. रॉयल एन्फिल्डने २०१६ साली 'हिमालयन' नावाची गाडी काढली, आणि २०२३ च्या अखेरीस तिचे नवे रूप आणले. इंजिन ४५२ सी. सी. चे, शक्ती चाळीस अश्वांची, टाकी सतरा लिटरची, पुढचे चाक एकवीस इंची. इंजिन थंड ठेवायला पाण्याचा रेडिएटर. शिवाय हँडलवर एक वाटोळी काच, तिच्यात आपला मोबाइल जोडला की नकाशा दिसतो. आमच्या बुलेटवर नकाशाच्या जागी अ‍ॅमीटरचा काटा आहे. तो मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची पट्टी दाबायची, किक हलकेच खाली सोडायची आणि मग देवाचे नाव घेऊन लाथ मारायची. नव्या गाडीला किकच नाही.

मी घरी विषय काढला. मंडळी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "अहो, पण बसणार एकावरच ना?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला उत्तर नाही. मी पुस्तकांचा दाखला दिला. "कपाटात पाचशे पुस्तके आहेत, वाचतो एका वेळी एकच." त्यावर "पुस्तकांचा विमा भरावा लागत नाही," असे उत्तर आले. मग मी टेड सायमनची गोष्ट काढली. या इंग्रज पत्रकाराने १९७३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ट्रायम्फ मोटरसायकलवरून जगाची प्रदक्षिणा सुरू केली. चार वर्षे तो फिरत होता, आपल्या देशातूनही गेला. म्हटले, चाळिशीत माणसाला असे वाटते, हे काही माझ्याच डोक्यातले खूळ नाही. मंडळींनी शांतपणे विचारले, "आणि त्याची चार वर्षांची बिनपगारी रजा कुणी मंजूर केली?"

अखेर तह झाला. त्याची कलमे दोन. शेडमध्ये तीनच गाड्या राहतील. म्हणजे एक आल्याआधी एक गेली पाहिजे. आणि किंमत तीन लाखांच्या घरात जात असल्याने, गेलेल्या गाडीचे पैसे नवीत घालायचे. दोन्ही कलमे न्यायाची होती. मी सही केली.

आता कोणती काढायची? स्प्लेंडर काढली तर कॉलेजात जायचे कशावर? हिशेबाने पाहिले तर येझ्दीच जायला हवी होती. वडील गेल्यापासून ती बहुतेक उभीच होती. म्हैसूरला १९६१ साली जावाचा कारखाना निघाला, पुढे त्याच गाड्या येझ्दी नावाने निघू लागल्या, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. जावा आणि येझ्दी ही नावे अलीकडे, २०१८ आणि २०२२ साली, परत आली. पण त्या गाड्या नव्या, त्यांचे भाग जुनीला चालत नाहीत. जुनी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मापून घालायचे, आणि तिच्या दोन्ही नळकांड्यांतून निघणारा निळा धूर शेजाऱ्यांनी सोसायचा. किकला आणि गिअरला एकच दांडा, त्यामुळे नवा माणूस आधी गाडीशी भांडतो आणि मग चालवतो. त्यातून पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या फुगवते. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो तो निराळाच. शिवाय पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आलेच.

आमचे मिस्त्री मला नेहमी बजावत, "सर, जी गाडी चालत नाही, ती संग्रहात नसते, ती अडगळीत असते." म्हणजे येझ्दी अडगळीतच होती. जुन्या गाड्यांना हल्ली शौकीन मिळतात. असाच एक तरुण पुण्याहून आला. बोलणे सभ्य, किंमतही चांगली देत होता. तो म्हणाला, "एकदा आवाज ऐकवाल का?"

मी आठ दिवस आधी मिस्त्रीकडून कार्ब्युरेटर साफ करून घेतला होता. प्लग पुसला, दांडा वळवला, किक मारली. पाचव्या किकेला गाडी बोलली. आधी खोकल्यासारखा, मग तो ओळखीचा फट्-फट्-फट् आवाज. अंगणभर निळा धूर. तरुणाचा चेहरा उजळला. त्याने माझ्याशी हात मिळवायला पुढे केला, तेवढ्यात आतून आई आली.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती काही बोलली नाही, पदराने धूर वारत पायरीवर उभी राहिली. मी गाडी बंद केली. तशी ती म्हणाली, "पेट्रोलचा कॉक बंद कर रे. वाहतो तिचा."

एवढेच. विकू नकोस म्हणाली नाही, वडिलांचे नावही घेतले नाही. मी खाली वाकून पाहिले. कॉक उघडाच होता, आणि कार्ब्युरेटरच्या पोटाशी थेंब जमला होता.

श्रोतेहो, मी इतिहासाचा माणूस. कागदपत्रांना पुरावा म्हणतो, आणि पुरावा जपावा असे मुलांना सांगतो. पण त्या गाडीची वही माझ्या घरात चालतीबोलती बसली होती, आणि मी ती गाडी किमतीला काढत होतो. आई वीस वर्षे त्या मागच्या सीटवर बसली. टाकीवर मी. गणपतीला कुंभार्ली घाटाने चिपळूणला, मावशीकडे, आम्ही त्याच गाडीवरून जायचो. हे सगळे मला ठाऊक होते. पण कॉक वाहतो हे मला ठाऊक नव्हते, आणि तिला होते. मी त्या तरुणाची माफी मागितली. त्यानेही मनाला लावून घेतले नाही. जाताना म्हणाला, "काका, माझ्या घरी कुणी असं सांगणारं राहिलं नाही, म्हणून तर शोधत फिरतो."

मग बुलेट गेली. ती माझी, माझ्या पैशाची, माझ्या तरुणपणाची. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. त्यामुळे इतर कुठलीही गाडी चालवताना मी महिनाभर चुकत असे. एका माजी विद्यार्थ्याने ती घेतली. अजून कधी पोवई नाक्यावर तिचा आवाज कानी पडतो, आणि वर्गात शिकवताना आपले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे तसे होते. वाईट वाटते. पण ते वाटायलाच हवे. ज्या संग्रहात भर पडताना काहीच सोडावे लागत नाही, तो संग्रह नव्हे, साठा म्हणावा.

नवी गाडी दसऱ्याला आली. पहिल्या रविवारी मी एकटाच निघालो. मेढ्यावरून महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून खेड, चिपळूण, आणि कुंभार्ली चढून पाटण, कराड, सातारा. सुमारे तीनशे किलोमीटरचा फेरा आणि दहा लिटर पेट्रोल. गाडी उंच आहे, वजन जवळजवळ दोनशे किलो. थांबताना दोन्ही पाय टेकायला मला थोडे अंग चोरावे लागते. पण आंबेनळीच्या वळणावर मुरूम सांडलेला होता, तिथे मी घाबरून ब्रेक दाबला आणि चाक अडकले नाही. ए. बी. एस. म्हणजे काय ते त्या क्षणी कळले. माहितीपत्रक वाचून कळले नव्हते.

कुंभार्ली घाट ती गाडी अशी चढली, की घाट आहे हेच तिला कुणी सांगितले नसावे. वडील मात्र माथ्यावर नेहमी थांबत. येझ्दीचे इंजिन तापे. ते निवेपर्यंत आम्ही दशम्या खात असू. नव्या गाडीच्या काचेवर तापमानाची खूण ठीक होती. थांबायचे काही कारण नव्हते. तरी मी थांबलो, हेल्मेट काढले, आणि खाली कोकणाकडे बघत दहा मिनिटे उभा राहिलो.

संध्याकाळी घरी आलो, तेव्हा आई झोपाळ्यावर होती. तिने गाडीकडे एकदा पाहिले आणि विचारले, "माथ्यावर थांबलास ना?"

"थांबलो," मी म्हटले.

"तापते का हीही?"

"नाही गं. हिला पाणी आहे."

आई हसली. "मग तू का थांबलास?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकायला आत गेली.

आता दर रविवारी सकाळी तासभर माझा शेडमध्ये जातो. स्प्लेंडरची साखळी, हिमालयनच्या चाकांतली हवा, आणि शेवटी येझ्दी. तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणतो, म्हणजे मिस्त्रींच्या व्याख्येप्रमाणे ती संग्रहात राहते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी दिली आहे. २०३१ साली येझ्दी त्या मानाला पोचेल. तोवर तिला चालती ठेवायचे, एवढे मी पत्करले आहे. परत आणून लावली की कॉक बंद करतो. आणि तरीही आतून आवाज येतोच, "बंद केलास का रे?"