उंदरांना दिलेली हळद आणि आपली फोडणी

आज आम्ही उंदरांविषयी बोलणार आहोत. हसू नका! धान्याचं पोतं कुरतडणारे उंदीर नाहीत, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातले पांढरे उंदीर. त्यांचं नाव सांगून हल्ली गावोगाव डबे विकले जातात, म्हणून हा विषय घेतला.

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘अँटिऑक्सिडंट’ असतं आणि खाली ‘कोलेस्टेरॉल कमी करते, प्रयोगशाळेत सिद्ध’. आमच्या गटातल्या एका ताईंनी असे तीन डबे घ्यायला अंतर्गत कर्ज मागितलं. एक डबा बाराशेचा, म्हणजे छत्तीसशे रुपये. शिवाय डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्या बंद करणार होत्या. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायचं, तर डब्यावरचं वाक्य आधी समजून घ्यायला हवं होतं. विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर उंदरांवरच्या प्रयोगांची माहिती होती. तसे प्रयोग खरोखर झालेले आहेत. पण उंदराच्या पिंजऱ्यापासून आपल्या ताटापर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात, आणि त्या कागदावर एकही पायरी नव्हती.

आधी दोन शब्द सोडवून घेऊ. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. शरीराला ते लागतं, आणि बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं. यकृत त्यातून पित्तरस बनवतं. हा पित्तरस आतड्यात उतरतो, तेल-तूप पचवायला मदत करतो आणि त्यातला बहुतेक भाग पुन्हा यकृताकडे परत जातो. थोडा शौचावाटे बाहेर पडतो. जितका बाहेर जाईल, तितका नवा बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

अँटिऑक्सिडंटचं काम वेगळं आहे. जवस कुटून ठेवले की महिनाभरात खवट वास येतो ना? तेलाला हवा लागून ते बिघडतं. रक्तातून फिरणारी चरबीही रक्तवाहिनीच्या भिंतीत अशीच काहीशी बिघडते, आणि अशी बिघडलेली चरबी खाऊन पेशी फुगतात, थर धरतात. ही बिघाडाची क्रिया रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणं हे एक काम, आणि ते खवट होऊ न देणं हे दुसरं. डबेवाले दोन्ही एका दमात बोलतात.

आता हळद. म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना खाद्यातून मुद्दाम कोलेस्टेरॉल दिलं, आणि त्यांतल्या काहींना सोबत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक. कर्क्युमिन खाणाऱ्या उंदरांच्या रक्तातलं आणि यकृतातलं कोलेस्टेरॉल बाकीच्यांच्या मानाने निम्म्यावर, काही ठिकाणी एक तृतीयांशावर आलं. का आलं, तर त्यांच्या विष्ठेतून पित्त आणि कोलेस्टेरॉल जास्त बाहेर पडत होतं. गंमत बघा, हळद अँटिऑक्सिडंट म्हणून विकली जाते, पण इथे तिने पित्ताच्या वाटेने काम केलं.

प्रयोग चांगलाच आहे, आणि आपल्या देशात झाला याचा आम्हाला अभिमान आहे. आता हिशेब करू, हिशेब आपल्याला येतो. असे प्रयोग करताना शंभर ग्रॅम खाद्यात दशांश ते अर्धा ग्रॅम कर्क्युमिन घालतात. आपण सर्वांत कमी धरू. आपण दिवसाला पीठ, तांदूळ, डाळ मिळून अर्धा किलो कोरडा शिधा खातो असं समजा. त्याला अर्धा ग्रॅम कर्क्युमिन लागेल. हळकुंडात ते साधारण तीन टक्के असतं. म्हणजे एकीने दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम हळद खायची, लहान चमच्याने पाच-सहा चमचे. आपल्या फोडणीत अख्ख्या घराला मिळून एखादा चमचा जातो!

मग कोणी म्हणेल, गोळीत अर्क घालून घेऊ. तर हळदीच्या अर्काच्या गोळ्या, खास करून मिरीच्या अर्कासोबतच्या, घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. फोडणीतली हळद आणि अर्काची गोळी एकच समजू नका.

मेथीचंही असंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर मेथी माणसांवरच तपासली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना दहा दिवस मेथी दिली आणि कोलेस्टेरॉल उतरलं. किती मेथी? तेल काढलेली पूड, रोज शंभर ग्रॅम. बाळंतिणीच्या लाडवात आपण किती घालतो ते आठवा.

दुसरी पायरी प्राण्याची. रशियात १९१३ साली अनिचकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल मिसळून दिलं. सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. तेच उंदरांना आणि कुत्र्यांना देऊन पाहिलं, तर तसं होईना. ससा पाला खाणारा, त्याला ही चरबी निस्तरता येत नाही. उंदीर तिचं झटपट पित्त करून टाकतो. त्याला पित्ताशयसुद्धा नसतं, पित्त सतत झिरपत राहतं. माणूस या दोघांसारखाही नाही.

जपानमध्ये तर उलटंच झालं. अकिरा एंडो यांनी बुरशीतून कोलेस्टेरॉल कमी करणारा एक पदार्थ शोधला. उंदरांना दिला, काहीच फरक पडला नाही. मग १९७६ च्या सुमारास अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना दिला आणि कोलेस्टेरॉल खाली आलं. आज डॉक्टर लिहून देतात त्या स्टॅटिनच्या गोळ्या त्याच शोधातून पुढे आल्या. उंदराचा शब्द शेवटचा मानला असता, तर ते औषध तिथेच टाकून दिलं असतं.

आणि शेवटची पायरी माणसं. सशांमध्ये अँटिऑक्सिडंट औषधाने रक्तवाहिन्यांतले थर कमी झाल्याचं १९८७ मध्ये दिसलं होतं. जगभर आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये वीस हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई आणि सी जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन दिलं, आणि तितक्याच काळजीने उरलेल्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. २००२ मध्ये निकाल आला. हृदयविकारात काही फरक नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला. ज्यांच्या घरात बिडी आहे, त्यांनी हे नीट ऐकावं. गाजर खायला कोणी नको म्हणत नाही. गोळ्यांबद्दल बोलतोय. लसणाचंही अमेरिकेत २००७ मध्ये पाहिलं. १९२ माणसं, सहा महिने, कच्चा लसूण आणि लसणाच्या गोळ्या. वाईट कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या ताईंच्या कर्जाचं काय झालं. गटाने कर्ज मंजूर केलं, पण डब्यासाठी नाही. उपाशीपोटी करायची लिपिड तपासणी आणि तालुक्याला डॉक्टरांकडे जायचं भाडं, एवढ्यासाठी. ताई रागावल्या. दोन बैठकांना आल्या, सही केली, बोलल्या नाहीत. तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेलंच निघालं आणि डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली. डब्याचं त्यांचं मत अजून तसंच आहे, ते त्यांचं मत. गोळी मात्र घेतात. तुमच्यापैकी कोणाला गोळीने अंग दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. परस्पर बंद करू नका.

खाण्यात काही करता येतं का? येतं. पित्त बाहेर न्यायला आतड्यात चोथा लागतो. डाळीची सालं, मटकी, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी यांत तो असतो. वनस्पती तूप कमी करा. आणि भजी तळून काळं झालेलं तेल पुन्हा कढईत नको, ते खवटच झालेलं असतं.

आमचा गट हळद आणि जवसाची चटणी विकतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल कमी करते’ छापलं तर खप वाढेल असं काहींचं म्हणणं होतं. अन्नपदार्थावर आजार बरा करण्याचा दावा कायद्याने करता येत नाही, आणि दोन चमचे चटणीने तसं होतं असं आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? आम्ही पाकिटावर जवस भाजल्याची तारीख घालतो. त्या तारखेपासून तीन आठवड्यांत चटणी संपवा, आणि उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.