भिंतीवरचे नाव आणि पिशवीवरचे लेबल



खरिपाच्या तोंडावर कळंब तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची सभा होती. मी सहज विचारले, "जाहिरात बघून बियाणे कोण कोण घेतो?" एकही हात वर झाला नाही. पुढे बसलेले एक काका म्हणाले, "साहेब, जाहिरातीला भुलायला आम्ही काय लेकरं आहोत?"

मी म्हणालो, "बरोबर आहे काका. पण यंदा बियाणे कोणते घेतले?" त्यांनी चटकन कंपनीचे नाव सांगितले. "आणि वाण कोणता?" ते काही आठवेना. सभेतल्या पुष्कळांचे तसेच झाले. कंपनीचे नाव एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेले होते, म्हणून ते तोंडपाठ. वाणाचे नाव होते पिशवीच्या लेबलावर. ते कुणी वाचलेच नव्हते.

जाहिरातीचे काम असे चालते बघा. एकदा ऐकले म्हणून कुणी लगेच दुकानात धावत नाही. पण तेच नाव दहा वेळा कानावर पडले की ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे ते खात्रीचे असा आपला समज होतो. मृगाचा पाऊस पडतो, रान वापशावर येते, कृषी सेवा केंद्रात गर्दी उसळते. त्या घाईत विचार करायला सवड नसते. जे नाव तोंडात बसले आहे तेच बाहेर पडते. व्यापारी हे फार आधीपासून ओळखून आहेत. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून जाहिराती सुरू झाल्या; खप होत नसता तर त्यावर कुणी पैसा घातला असता का? आपल्यात म्हणतातच, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. मी शेतकीचा पदवीधर. तरी एका वर्षी घरच्या सोयाबीनसाठी फुलोऱ्यात मारायचे एक टॉनिक घेऊन गेलो. बाटलीवर शेंगांनी लगडलेल्या झाडाचे चित्र होते. वडील म्हणाले, "अरे, मार बाबा, पण चार तासं तशीच सोड." त्यांचे ऐकले. काढणीला फवारलेली चार तासं आणि सोडलेली चार तासं वेगवेगळी मळून वजन केले. सांगण्यासारखा फरक निघाला नाही. बाटलीचे पैसे आणि फवारणीची मजुरी गेली. वडिलांनी चार तासं सोडायला लावली नसती, तर "टॉनिकने पीक चांगले आले" असे मीच गावभर सांगत फिरलो असतो. म्हणजे फुकटची जाहिरात मीच केली असती.

आता, सगळ्या जाहिराती खोट्या असतात असे माझे म्हणणे नाही. नवा वाण, नवे अवजार बाजारात आल्याची बातमी त्यातूनही कळते. पण फोटोतला शेतकरी ज्या रानात उभा असतो, ते भारी आणि पाण्याखालचे असू शकते. आपली भूम-वाशीकडची माळाची हलकी जमीन त्याला कशी जुळेल? म्हणून जाहिरात ऐकावी आणि पुढील गोष्टी पाहून मगच पैसे द्यावेत.

1. बियाण्याचा वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती आणि मुदत लेबलावर वाचा. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे असते. सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के हवी.

2. सोयाबीन हे स्वपरागित पीक आहे. सुधारित वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते, दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागत नाही. मात्र घरचे असो की विकतचे, पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सातव्या दिवशी चांगले उगवलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो बियाणे पुरे. 60 निघाले तर 35 किलो धरा.

3. औषधाच्या डब्यावर आपल्या पिकाचे आणि किडीचे नाव छापले आहे का ते बघा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा.

4. जैव उत्तेजके, म्हणजे पुष्कळशी टॉनिके, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबलावर घटक आणि प्रमाण नसेल तर बाटली परत ठेवा. घेतलीच, तर चार तासं सोडून फवारा.

5. पक्के बिल मागून घ्या. बिल, पिशवी, लेबल आणि थोडे बियाणे काढणीपर्यंत जपा.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून ढिगाने तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही दखल घेतली. 2019 च्या काढणीत सोयाबीन पावसात भिजले होते, हेही त्याचे एक कारण होते. अशा वेळी बिल आणि लेबल हाच शेतकऱ्याचा पुरावा. उगवले नाही तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे समिती येऊन पंचनामा करील. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

शेवटी आमचीही एक चूक कबूल करतो. गोणपाटावरची तपासणी फुकट आहे, तरी ती फार थोडे जण करतात, कारण ती कुणी भिंतीवर रंगवत नाही. तेव्हा हे काम आता तुम्हीच करा. यंदा आपल्या घरी 100 दाणे तपासा आणि आलेला आकडा शेजाऱ्याला सांगा.