खाडीची पातळी कोणाला कळते?

(न्यू जर्सीतील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय रुक्ष वाटेल: खाडीचे पाणी मोजणे. पण कोणाला वेळेवर घराबाहेर पडता येते आणि कोणाला नाही, हे या मोजणीवर बरेच अवलंबून असते. म्हणून तो केवळ इंजिनिअरांचा विषय नाही.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याची कल्पना येणे शक्यच नव्हते. शिवाय पाऊस हा अर्धाच हिशेब. त्या दुपारी समुद्राला मोठी भरती होती. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. खालच्या टप्प्यात ती नदी कमी आणि खाडी जास्त. खालून भरती चढत असताना वरचे पाणी बाहेर पडत नाही, ते वस्तीत पसरते.

हा धोका आधी माहीत नव्हता असे नाही. मुंबईच्या पावसाळी नाल्यांच्या १८६ मुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आणि १३५ भरतीच्या पातळीच्या खाली होती. उरली ६. जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशी होती, तीही ओहोटी असेल तर. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच केली होती.

आता कोणी म्हणेल, भरतीचे वेळापत्रक तर वर्षभर आधी छापून मिळते. खरे आहे. उधाण कधी आणि भांग कधी, हे माहीमच्या कोळीवाड्यात विचारले तरी कळेल. पण वेळापत्रक फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब सांगते. वारा, वादळ आणि वरून येणारा पूर त्यात नसतो. म्हणून प्रत्यक्ष पाणी मोजावे लागते, आणि तेही खाडीच्या तोंडाशी एकदा मोजून भागत नाही. आत जागोजागी मोजावे लागते.

इथलेच उदाहरण घ्या. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री, सँडी वादळात, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील बॅटरी येथील भरतीमापकाने सरासरी नीच ओहोटीपासून १४ फुटांवर पाणी नोंदवले. त्यातले सुमारे ९ फूट वादळाने ढकललेले होते. तेच पाणी हॅकेनसॅक नदीतून आत शिरले आणि मूनाकी, लिटल फेरी ही गावे बुडाली. तिथे पुरासारखा पाऊस पडलाच नव्हता. बॅटरीचा आकडा दर सहा मिनिटांनी नोंदला जातो, आणि अंदाजाची रेघ व प्रत्यक्षाची रेघ कोणालाही घरबसल्या शेजारी-शेजारी पाहता येतात. तरीही मूनाकीच्या ट्रेलर पार्कमधल्या लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. आकडा उघडा असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. तो वस्तीपर्यंत पोचला पाहिजे, आणि अमुक पातळीला काय करायचे हे आधी ठरलेले पाहिजे.

मुंबईतही २००५ नंतर बदल झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. २०२० मध्ये 'आयफ्लोज' ही पूरसूचना प्रणाली सुरू झाली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या शेकडो रहिवाशांना हलवण्यात आले. आकडा आणि कृती यांची सांगड बसली की काय होते, ते इथे दिसते.

मग मागायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, मिठीच्या, आणि तशाच दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांच्या सर्व पातळ्या एकाच शून्यापासून मोजून जाहीर व्हाव्यात. भरतीचे कोष्टक एका शून्यापासून आणि नाल्यांची उंची 'टाऊन हॉल डेटम'पासून, अशाने सामान्य माणसाला काहीच जुळवता येत नाही. दोन, दर काही मिनिटांचा आकडा आणि मागच्या वर्षांच्या नोंदी सर्वांना मराठीत खुल्या असाव्यात. तीन, धोक्याची पातळी वस्तीतल्या भिंतीवर रंगवलेली असावी, म्हणजे मोबाईल बंद पडला तरी ती दिसेल.

यात कोणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही. माहितीचा अधिकार कायदा त्याच २००५ सालच्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार सरकारी यंत्रणांनी महत्त्वाची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना या कायद्याखाली अर्जही करता येतो. इतरांनी निराश व्हायचे कारण नाही. या खोलीत सॉफ्टवेअरवाले आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, आकडेशास्त्रज्ञ आहेत. तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आकडे वाचून देणे, आलेख काढून देणे, सोप्या मराठीत समजावून देणे, एवढे आपण नक्की करू शकतो.

पूर आल्यावर चेक पाठवणे आपण नेहमीच करतो, आणि ते करायलाच हवे. पण पुढच्या पावसाळ्याआधी मोजणीकडेही थोडे लक्ष देऊ या. कोण किती वेळ देऊ शकेल, हे चर्चेत जरूर सांगा.