कर्करोगग्रस्त बालक, त्याचे कुटुंब आणि समाजाचे दायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



मुंबईत परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा एक रस्ता आहे. टाटा स्मारक रुग्णालय याच रस्त्यावर उभे आहे. या परिसरातील पदपथावर चटई अंथरून बसलेली कुटुंबे ये-जा करणाऱ्यांच्या वर्षानुवर्षे परिचयाची आहेत. कोणी बिहारचे, कोणी बंगाल-आसामचे, कोणी आपल्याच खानदेशातील वा विदर्भातील. जवळ एक पत्र्याची पेटी, पाण्याची बाटली, तपासण्यांचे कागद जपून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी आणि मांडीवर तोंडाला मास्क बांधलेले, केस गळून गेलेले मूल. ही माणसे भिकारी नाहीत. काही महिन्यांपूर्वी त्यांतील कोणी स्वतःच्या शेतात राबत होता, कोणी गावात छोटे दुकान चालवीत होता. मुलाच्या आजाराचे निदान झाले आणि संपूर्ण कुटुंबाचा संसार एका पिशवीत येऊन बसला. आजच्या विचाराचा विषय हे कुटुंब आहे.

या रुग्णालयाचा जन्मच मुळी एका कुटुंबाच्या दुःखातून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजींचेही देहावसान झाले. त्यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी जनतेसाठी खुले झाले आणि १९६२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. खाजगी दुःखाचे सार्वजनिक दानात रूपांतर कसे होते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

बालकांचा कर्करोग म्हटला की समाजाचा पहिला उद्गार असतो, "आता काय उरले?" हा उद्गार आज असत्य आहे. १९४७ पर्यंत रक्ताचा तीव्र कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावे, हे खरे. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांनी एका नव्या औषधाने अशा बालकांचा रोग काही काळ तरी मागे हटविता येतो हे दाखवून दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिच्या संशोधनाची धुरा वाहणारे शास्त्रज्ञ होते आंध्रचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. तेथून पुढे औषधांच्या संयोगाने उपचार विकसित होत गेले. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या शंभर बालकांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. जगभरात दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोर या रोगाच्या विळख्यात सापडतात. मात्र अनेक गरीब देशांत बरे होण्याचे हेच प्रमाण शंभरांत तीसही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये संकल्प केला, तो २०३० पर्यंत जगात सर्वत्र किमान साठ टक्के बालके वाचविण्याचा.

हा फरक केवळ औषधांमुळे पडलेला नाही. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील बहुतेक मुख्य औषधे अनेक दशकांपासून ज्ञात आहेत आणि भारतात तयार होतात. मग मूल हातचे का जाते? निदान उशिरा होते, कुपोषित शरीर औषधांचा मारा सोसत नाही, जंतुसंसर्ग होतो. आणि सर्वांत जीवघेणे कारण म्हणजे उपचार अर्धवट सुटतात.

उपचार का सुटतात हे समजून घ्यायचे, तर उपचारांचा कालावधी समजून घेतला पाहिजे. बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातील पहिले काही महिने अतिशय कठोर असतात. औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, प्रतिकारशक्ती लोपते आणि अशा वेळी आलेला साधा तापही प्राणघातक ठरू शकतो. ताप येताच तातडीने, शक्य तर तासाभरात, प्रतिजैविक औषध शिरेतून द्यावे लागते. ज्याचे गाव रुग्णालयापासून बारा तासांवर आहे, त्याने काय करावे? म्हणून कुटुंबाने शहरात राहणे ही सोय नसून तो उपचाराचाच भाग आहे. डोक्यावरचे छप्पर हेही येथे औषध असते.

आता त्या बापाचा हिशेब पाहावा. मजुरी बंद, कारण तो मुलाजवळ आहे. आई मुलापासून हलू शकत नाही. गावी आजी-आजोबांच्या हवाली केलेली दोन भावंडे आहेत आणि त्यांतील थोरलीची शाळा सुटली आहे. जमिनीचा तुकडा गहाण पडला आहे. नातेवाईक पहिल्या महिन्यात मदत करतात, तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाहीत. कोणी म्हणते रोग संसर्गजन्य आहे. तो तसा नाही. कोणी आईच्या नशिबाला बोल लावते. अशातच पहिल्या टप्प्याचे उपचार लागू पडतात. मुलाचा ताप जातो, गाल भरतात, ते खेळू लागते. डॉक्टर सांगतात, "अजून दोन वर्षे औषध चालू ठेवायचे आहे." बाप मुलाकडे पाहतो, खिशाकडे पाहतो आणि म्हणतो, "पोर तर बरे झाले." गाडी पकडून कुटुंब गावी परतते. काही महिन्यांनी रोग पूर्वीपेक्षा प्रबळ होऊन उलटतो, आणि तेव्हा पहिल्याइतकी आशा उरलेली नसते.

या बापाला अज्ञानी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्याने उरलेल्या दोन मुलांच्या पोटाचा विचार केलेला असतो. असा निर्णय कोणत्याही पित्यावर लादला जाऊ नये, एवढे करणे समाजाच्या हाती आहे, आणि ते करता येते याचा पुरावाही उपलब्ध आहे. टाटा रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास दर पाच मुलांमागे साधारण एकाचे उपचार नाकारले वा सोडले जात. रुग्णालयाने समाजसेवक, देणगीदार व स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणून औषध, निवास, आहार, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची साखळी उभी केली. पुढील काही वर्षांत हे प्रमाण वीसांत एकाच्या आसपास आले. कोणतेही नवे औषध न सापडता हे साधले.

परंपरेने श्रावकाला चतुर्विध दान सांगितले आहे : आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान. या कुटुंबांच्या गरजांची यादी करू गेल्यास ती याच चार नावांखाली भरते.

प्रथम आहारदान. कर्करोगाच्या उपचारातील मुलाला ताजे, नीट शिजविलेले, गरम अन्न आणि उकळलेले पाणी लागते. रस्त्यावरचे खाणे, कापून ठेवलेली फळे, शिळे अन्न त्याला वर्ज्य. समारंभात उरलेले अन्न सद्भावनेने रुग्णालयाच्या दारात नेऊन वाटणारे दाते आहेत. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही सांगणे प्राप्त आहे की ते अन्न या मुलांसाठी धोक्याचे ठरू शकते. याच परळ परिसरात श्री. हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत संस्थेने रुग्ण व नातेवाइकांना नित्य विनामूल्य भोजन देण्याचे व्रत अनेक वर्षे चालविले आहे. त्यातील 'नित्य' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा मिष्टान्न वाटण्यापेक्षा रोजची साधी खिचडी अधिक मोलाची. आणि जेथे शक्य असेल तेथे आईला शेगडी, भांडी व शिधा द्यावा. कारण मळमळीने बेजार झालेले मूल अनोळखी हातचे नाकारते, पण आईच्या हातचा भात दोन घास खाते.

दुसरे औषधदान. शासनाच्या योजना आज पूर्वीपेक्षा व्यापक आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना, मुख्यमंत्री व पंतप्रधान यांचे सहाय्यता निधी, रेल्वेची प्रवास सवलत. या सर्वांचा आधार मिळतो. परंतु कागदपत्रे जुळेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत औषध कोणी आणायचे? बाहेरच्या तपासण्या, खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी ही कोणत्या योजनेत बसवायची? येथे दानाची खरी जागा आहे. ज्याला मराठी वा हिंदी वाचता येत नाही अशा पित्याचा अर्ज भरून देणारा, खिडकीपाशी त्याच्यासोबत उभा राहणारा कार्यकर्ता हाही औषधदाताच होय. शिवाय एक दान असे आहे की ज्याला धन लागतच नाही. या मुलांना रक्तातील प्लेटलेट या घटकाची वारंवार गरज पडते आणि तो घटक साधारण पाच दिवसांपलीकडे टिकत नाही. जयंतीच्या दिवशी एकच मोठे शिबिर भरवून ही गरज भागत नाही. वर्षभर पाळीपाळीने येणारे तरुण रक्तदाते हवेत.

तिसरे अभयदान. अभयदानाचा शास्त्रार्थ फार विशाल आहे. त्याचा एक लहानसा अंश म्हणजे परक्या शहरातील रात्रीचे भय दूर करणे. संत गाडगे महाराजांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्याच, पण मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांचीही निवाऱ्याची सोय केली, कारण आजारी माणसाचा सोबती उघड्यावर झोपतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा आजही कर्करुग्णांचा मोठा आधार आहे. वांद्रे येथील डॉ. बोर्जेस स्मृतिगृह हेही असेच आश्रयस्थान. बालकांचा स्वतंत्र विचार करून निहाल व श्यामा कवीरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड्‌स इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू केली आणि तिची केंद्रे पुढे इतर शहरांतही निघाली. प्रत्येक कुटुंबाला स्वच्छ स्वतंत्र जागा, सामायिक स्वयंपाकघर, रुग्णालयापर्यंत वाहन, मुलांसाठी शिक्षण व खेळ आणि पालकांसाठी समुपदेशन, अशी तेथील व्यवस्था विनामूल्य आहे. चूल पेटविताना शेजारच्या आईशी बोलणे होते, "माझ्याही मुलाला असाच ताप आला होता, उतरला" असे ती सांगते, आणि तेवढ्यानेही नव्या आईला धीर येतो.

चौथे ज्ञानदान. यात पहिले ज्ञान लक्षणांचे. दीर्घकाळ न उतरणारा ताप, वाढता फिकटपणा, कारणावाचून उठणारे काळे-निळे डाग, शरीरावर वा पोटात गाठ, सकाळी डोकेदुखीसह उलटी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. यांपैकी काही आढळल्यास विलंब न लावता तज्ज्ञाकडे जावे. हे वाक्य गावोगावच्या शाळांत, अंगणवाड्यांत, पाठशाळांत पोहोचविण्यास खर्च जवळजवळ नाहीच. दुसरे, आजारी मुलाची शाळा सुटू नये आणि गावी राहिलेल्या भावंडांचीही सुटू नये. तिसरे ज्ञान अधिक कटू आहे. आपल्या देशातील रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगग्रस्त मुलांच्या मानाने मुलींची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळते. रोग एवढा भेद करीत नाही. भेद होतो तो घराच्या उंबरठ्यावर, मुलीला मुंबईला न्यावे की नाही हे ठरविताना. मुलीच्या उपचाराचा भार कोणीतरी उचलणार आहे एवढे आधी समजले, तर तो निर्णय बदलू शकतो.

दान कसे द्यावे याविषयीही दोन शब्द. यंत्रासाठी देणगी मिळते, इमारतीसाठी मिळते, कारण तेथे फलक लागतो. खोलीच्या अठराव्या महिन्याच्या भाड्यावर फलक लावता येत नाही. परंतु मूल जगते ते बहुधा त्या अठराव्या महिन्याच्या भाड्यावर. म्हणून पन्नास कुटुंबांना प्रत्येकी एक महिना साह्य करण्यापेक्षा एका कुटुंबाला निदानाच्या दिवसापासून शेवटच्या गोळीपर्यंत साथ देणे श्रेयस्कर. दुसरे म्हणजे, धनादेश देताना केस गळलेल्या मुलाचे छायाचित्र काढू नये. ते मूल उद्या मोठे होणार आहे, शिकणार आहे, संसार करणार आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या प्रेरणेने २००९ मध्ये स्थापन झालेला 'उगम' हा बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचाच गट आहे. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने दिलेलेच दान खरे.

आणि सर्वच मुले वाचत नाहीत. अशा वेळी बहुतेकांचे साह्य त्याच क्षणी थांबते, कारण 'केस' संपलेली असते. खरे तर त्या रात्री त्या आई-बापांहून निराधार कोणी नसते. मुलाचा देह गावी नेण्यासाठी वाहन, सोबतीला एक माणूस, शेवटच्या दिवसांत वेदनाशमनाची सोय आणि काही महिन्यांनी विचारपूस करणारे एक पत्र. याचाही अंतर्भाव संस्थेच्या नियमावलीत असावा.

पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या न्यासापाशी धन असते, अनुभव असतो आणि समाजाचा विश्वास असतो. सुवर्णमहोत्सवाच्या स्मृतीसाठी एखादी कमान उभारण्याऐवजी दरवर्षी काही निवडक बालकांचा संपूर्ण उपचारकाळ पत्करावा, आणि त्यांत निम्म्या तरी मुली असाव्यात, असा ठराव व्हावा. हीरकमहोत्सवाच्या दिवशी त्यांतील काही मुले-मुली आपल्या पायांनी चालत या सभागृहात येतील. कोणाच्या देणगीने ती वाचली हे त्यांना ठाऊक नसले तरी चालेल.

जय जिनेंद्र!