चोक दिला की चालते, काढला की बंद

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही. आज कार्बोरेटर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची पहिली गाडीच इंजेक्शनवाली असेल, कारण एप्रिल 2020 मध्ये बीएस-सिक्स आलं आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण घरी पप्पांची नाहीतर मामांची जुनी गाडी उभी असते ना, ताडपत्री टाकलेली? ही गोष्ट तिची.

आमच्याकडे 2008 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. पप्पांचा गुडघा गेल्यापासून ती कराडला अंगणात दीड वर्ष उभी होती, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली. किक मारली तर गप्प. चोक दिला तर चालू. चोक काढला की दोन मिनिटांत फुस्स.

मी काय केलं? व्हिडिओ बघितले आणि एका रविवारी सगळंच केलं. कार्बोरेटर काढला, मेन जेट फुंकला, प्लग नवा टाकला, एअर फिल्टर बदलला, एअर स्क्रू फिरवला आणि शेवटी रेसचा स्क्रू आवळून आयडलिंग वाढवलं. गाडी चालू राहिली! ऑफिसात कोणी एका कमिटमध्ये पाच बदल घातले तर मी त्याचा जीव खातो, आणि इथे स्वतः तेच करून वर फोटो टाकला.

त्याच आठवड्यात बहिणीला मागे बसवून रात्री कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरत होतो. पुण्याचे लोक तो उतार ओळखतात. पुढे ट्रॅफिक दिसला, थ्रॉटल सोडला, क्लच दाबला आणि इंजिन गेलं. या गाडीचा हेडलाइट इंजिनवर चालतो, म्हणजे तोही गेला. मागून ट्रकचा हॉर्न. ढकलत कडेला घेतली. ताई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ही गाडी तू दुरुस्त केलीस ना?"

घरी येऊन पप्पांना फोन केला. पप्पा मेकॅनिक नाहीत, पण त्या गाडीवर त्यांनी चौदा वर्षं काढलीयत.

"चोक दिला की काय होतं?" त्यांनी विचारलं.

"हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं."

"मग चोकवर चालते म्हणजे तिला काय कमी पडतंय?"

बीटेक मी केलंय, पण उत्तर त्यांनी काढलं. पेट्रोल कमी पडतंय.

आता कुठे कमी पडतंय ते बघू. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात. थ्रॉटल बंद किंवा अगदी थोडा उघडा असताना पेट्रोल स्लो जेटमधून येतं. मधल्या टप्प्यात सुईचं राज्य. पूर्ण पिळल्यावर मेन जेट. माझी गाडी पळताना ठीक होती, मरत होती ती थ्रॉटल सोडल्यावर. म्हणजे दोष स्लो जेटच्या वाटेत, आणि मी साफ केला होता मेन जेट! वर रेसचा स्क्रू आवळून थ्रॉटल कायमचा थोडा उघडा ठेवला, म्हणजे एरर सुधारली नाही, नुसती दाबून टाकली.

दुसऱ्या वेळी एकेक करत गेलो. पहिल्यांदा टाकी. पेट्रोल कॉक उघडून नळी बाटलीत सोडली, धार चांगली होती. मग बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत पेट्रोल घेतलं. थोड्या वेळाने तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसले आणि खाली तपकिरी गाळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर बाउल रिकामा करून ठेवा, एवढं तरी ऐका माझं.

स्लो जेट मेन जेटच्या शेजारीच होता. काढून उजेडासमोर धरला, तर आरपार काहीच दिसेना. कार्ब क्लिनर मारला, भिजू दिला, मग वायरमधली तांब्याची एक बारीक तार हळूच घातली. टाचणी किंवा स्टीलची सुई घालू नका, भोक मोठं झालं की जेट फेकायचा. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट निघतच नाही, तिथे जबरदस्ती नको, स्प्रेनेच साफ करा. हे सगळं कॉक बंद करून, मोकळ्या हवेत, डोळ्यांवर चष्मा लावून. आसपास सिगारेटवाला मित्रही नको.

एअर स्क्रू हलवण्याआधी तो किती आटे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. मी पहिल्यांदा ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड आट्यापासून परत सुरुवात करावी लागली. इंजिन गरम करून, पाव-पाव आटा फिरवत, आवाज ऐकत.

चोकशिवाय गाडी उभी राहिली! पण रेस देऊन सोडली की आवाज लगेच खाली येत नव्हता, रेंगाळत होता. ही बहुतेक वेळा कुठूनतरी जास्तीची हवा आत जात असल्याची खूण. आधी थ्रॉटल केबल पाहिली, ती मोकळी होती. मग कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधली ओ-रिंग काढली. चपटी, कडक, नखाने तुकडा पडला. पहिल्या वेळी मी तीच परत बसवली होती. नवी ओ-रिंग दोन चहांच्या पैशात आली.

पंधरा दिवसांनी प्लग काढून बघितला, टोक बिस्किटाच्या रंगाचं. काळं असतं तर पेट्रोल जास्त, पांढरं असतं तर कमी.

ताई अजून मागे बसलेली नाही. तिची अट आहे, आधी महिनाभर मी एकट्याने ऑफिसला न्यायची. आज बाविसावा दिवस. कालपासून साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतोय, म्हणजे फ्लोटच्या नीडलखाली कचरा अडकला असणार. शनिवारी बाउल उघडतो आणि फक्त तेवढंच बघतो. चला, भेटू पुढच्या भागात.