‘छू’ आणि ‘सोड’



माझ्या लहानपणी आमच्या चुलत्यांच्या वस्तीवर एक कारवानी कुत्रा होता. अंगाने सडपातळ, पोट पाठीला लागलेले, तोंड निमुळते, आणि पळायला लागला म्हणजे जमिनीवर पाय टेकतो की नाही असे वाटावे! आम्ही पोरे त्याला ‘छू’ करायचो. आधी कावळ्यांवर, मग शेरडांवर, मग रस्त्याने जाणाऱ्या माणसांवर. तो धावला की आम्ही टाळ्या पिटायचो. मोठी माणसेही कौतुकाने म्हणायची, “राखणीला तयार होतोय गडी!” आणि एके दिवशी संध्याकाळी आमच्या गड्याचा सहा वर्षांचा मुलगा बांधावरून पळत येत होता. कुणीही ‘छू’ म्हटले नव्हते. कुत्र्याने त्याची पोटरी धरली. आम्ही ओरडलो, दगड मारले. पण ते धरलेले सोडवायचे कसे, हे ना आम्हांला ठाऊक, ना त्याला. मुलगा वाचला, पण पुढे कित्येक महिने तो लंगडत होता. कुत्रा मात्र मरेपर्यंत साखळीला राहिला. शिक्षा त्याला झाली. चूक आमची होती. आम्ही त्याला ‘छू’ शिकवले होते, ‘सोड’ शिकवलेच नव्हते.

ही आठवण आज सांगण्याचे कारण असे, की राखणीच्या कुत्र्याला शिकवणे ही एक रीतसर विद्या आहे, आणि तिचा एक खेळही आहे. तो निघाला जर्मनीत. 1899 साली घोडदळात अधिकारी राहिलेल्या माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मन मेंढपाळी कुत्र्यांच्या पैदाशीसाठी एक संघ काढला. कुरणे कमी होत चालली होती, मेंढ्यांमागचे काम सुटत होते. केवळ रूप पाहून पैदास केली तर कुत्र्याचे गुण मातीला मिळतील, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून कामाची परीक्षा घेण्याची प्रथा पडली. ती ‘शुट्झहुंड’, म्हणजे रक्षक कुत्रा, या नावाने प्रसिद्ध झाली. आज ती अनेक देशांत घेतली जाते, आणि तिच्यात निरनिराळ्या जातींचे कुत्रे उतरू शकतात.

या परीक्षेचे तीन विषय आहेत, प्रत्येकी 100 गुणांचे. पहिला माग काढण्याचा, दुसरा आज्ञापालनाचा आणि तिसरा रक्षणाचा. पण त्याआधी कुत्र्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती सभ्यपणाची! सायकली, मोटारी, माणसांची गर्दी यांतून तो शांतपणे जातो की नाही, हे पाहिले जाते. जो गर्दीत बिथरतो, त्याला पुढे दार बंद.

रक्षणाच्या परीक्षेत मैदानावर सहा आडोसे उभारलेले असतात. त्यांपैकी एकात जाड बाही चढवलेला माणूस लपलेला असतो. कुत्र्याने त्याला हुडकायचे आणि समोर उभे राहून भुंकायचे. माणूस निश्चल आहे तोवर चावायचे नाही. तो पळाला किंवा अंगावर आला, तरच बाही धरायची. आणि धन्याने ‘सोड’ म्हणताच सोडायची. पहिल्या आज्ञेनंतर आणखी दोन आज्ञा देऊनही सोडली नाही, तर कुत्रा बाद. त्याची पकड कितीही जबर असो! खेळ चावण्याचा दिसतो खरा, पण कस लागतो तो सोडण्याचा.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे परदेशी जातींचे. आपल्या कुत्र्यांचे काय?

एअरडेल टेरियरची गोष्ट पाहा. हा कुत्रा इंग्लंडातील यॉर्कशायरचा, एअर नदीच्या काठी पाणमांजरे आणि उंदीर मारणारा. त्याला कोण शिपाई म्हणणार? पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने त्याला निरोप्याचे काम शिकवले, आणि जर्मनीत तो रक्षक कुत्र्यांच्या परीक्षेला बसू लागला. 1917 साली लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन यांनी युद्धाच्या कुत्र्यांसाठी शाळा काढली. तिच्यातले बरेचसे विद्यार्थी बेवारस कुत्र्यांच्या आश्रमांतून आलेले होते. कुळ पाहून नव्हे, गुण पाहून त्यांची निवड झाली.

आपल्या कारवानीचेही तसेच. कर्नाटकातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी हा कुत्रा जोपासला, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध झाला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे. 2005 साली त्याच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. 2016 साली या जातीची काही पिल्ले मीरतला, भारतीय लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा लष्कराच्या शाळेत बसला, ही काही लहान गोष्ट नाही.

मात्र कारवानीला जर्मन मेंढपाळी कुत्र्याच्या साच्यात घालून भागत नाही. हा नाकापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवणारा शिकारी. हलती वस्तू दिसली की झेपावेल. तीच थांबली की त्याचे मन उडेल. म्हणून माग काढण्याचा धडा त्याला जड जातो, आणि तो लहानपणापासून सावकाश द्यावा लागतो. एकच गोष्ट वीस वेळा करायला लावली तर तो कंटाळतो. मारले तर मनाने मिटतो, किंवा बिथरतो.

मग शिकवावे कसे? दोरीला गोणपाटाची चिंधी बांधा आणि ती त्याच्यासमोरून पळवा. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा त्याचा पिंड. तोच शिक्षणाला जुंपा. पिल्लाने चिंधी धरली की थोडे ओढा, आणि त्याला जिंकू द्या. पाच मिनिटे पुरेत. त्याची हौस शिल्लक आहे तोवरच खेळ थांबवा. मग चिंधी हातात निश्चल धरा आणि शांत आवाजात ‘सोड’ म्हणा. निर्जीव झालेल्या चिंधीत त्याला गोडी उरत नाही. त्याने सोडली की शाबासकी द्या आणि चिंधी लगेच पुन्हा पळवा. सोडले की खेळ संपत नाही, उलट नव्याने सुरू होतो, हे त्याला एकदा उमजले, म्हणजे अर्धे शिक्षण झाले.

इथवरचे कोणीही घरी करावे. पण माणसाच्या अंगावर घालण्याचा धडा जाणत्या शिक्षकाशिवाय कदापि देऊ नये. शेतावरच्या राखणीला भुंकणारा, अनोळखी माणसाला अडवणारा आणि हाकेसरशी मागे फिरणारा कुत्रा पुरेसा असतो. चावरा कुत्रा म्हणजे राखण नव्हे. ती दारात बांधलेली आपत्ती आहे. आणि वस्तीवरच्या पोरांना ‘छू’ करू देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपल्यासाठीही थोडे काही आहे. वर्गात प्रत्येकाचा पिंड वेगळा. कोणी नाकाने माग काढणारा, कोणी डोळ्याने झेपावणारा. ठरावीक साच्यात बसला नाही म्हणून जो ‘ढ’ ठरतो, त्याला शिकवण्याची वाट बहुधा आपल्यालाच सापडलेली नसते.

त्या साखळीतल्या कुत्र्याला भाकरी टाकायला मी जात असे. मी दिसलो की तो शेपूट हलवायचा. त्याला शिकायचे होते. शिकवणारे आम्ही कच्चे होतो.